नव्या घराची पाच वर्षांची हमी

कायदा : रेरा (स्थावर संपदा नियमन व विकास कायदा), 2016, कलम 14(3).

मुदत : ताबा दिल्यापासून 5 वर्षे.

हमीत काय मोडते : इमारतीच्या सांगाड्यातील दोष, तसेच कारागिरी, दर्जा आणि करारातील सेवांमधल्या उणिवा.

बिल्डरची जबाबदारी : दोष निदर्शनास आणल्यावर 30 दिवसांत, एक पैसाही न घेता दुरुस्ती. टाळाटाळ केल्यास ग्राहकाला भरपाईचा हक्क.

दाद कुठे : महाराष्ट्रात महारेराकडे (राज्याच्या स्थावर संपदा नियामक प्राधिकरणाकडे) ऑनलाइन तक्रार करता येते.

हे जरूर करा : पहिल्याच पावसात भिंतीला ओल आली, बाथरूमखालचं छत पाझरू लागलं, तर साइटवरच्या तोंडी आश्वासनावर विसंबू नका. तारखेसह फोटो काढा, लेखी कळवा, पोच जपून ठेवा. आयुष्यभराची पुंजी घातलेल्या घरासाठी हा हक्क बजावायलाच हवा.