गाडीवरचा नंबर मिरवायचा की कमवायचा? मोटोक्रॉसमधल्या आकड्यांची गोष्ट

चाळीस गाड्या एका रांगेत उभ्या. गेट पडलं की सगळ्या एकदम सुटतात आणि पहिल्या वळणावर एकमेकींच्या अंगावर माती उडवत घुसतात. दोन मिनिटांत सगळे रायडर सारखेच दिसायला लागतात. हेल्मेटच्या आत कोण आहे, ते त्याच्या आईलाही कळत नाही. तेव्हा ओळख एकच उरते, ती म्हणजे गाडीच्या पुढे आणि दोन्ही बाजूंना चिकटवलेला नंबर.

२८ जानेवारी २०२४ रोजी पुण्याच्या बालेवाडीत इंडियन सुपरक्रॉस रेसिंग लीगची पहिली शर्यत झाली. त्यानंतर आपल्याकडच्या पोरांच्या मोबाईलवर या खेळाचे व्हिडिओ जास्त फिरू लागले. ते बघताना हमखास प्रश्न पडतो. एकाच्या गाडीवर ३, दुसऱ्याच्या ९४, तिसऱ्याच्या थेट २४३. हे नंबर देतं कोण? आणि कशावरून? आरटीओत पसंतीचा नंबर पैसे भरून मिळतो. बैलगाडा शर्यतीत चिठ्ठी निघेल तसा क्रम लागतो. मोटोक्रॉसमध्ये यातलं काहीच चालत नाही.

नंबर कशाला लागतो?

आता प्रत्येक गाडीला ट्रान्सपॉन्डर नावाचं छोटं यंत्र असतं. गाडी रेषेवरून गेली की फेरीची नोंद आपोआप होते. पूर्वी हेच काम माणसं कागद-पेन घेऊन करायची, नंबर वाचून. यंत्र आलं तरी नंबरची गरज संपली नाही. रायडर पडला तर झेंडेवाला आणि डॉक्टरची टीम नंबरवरूनच ओळखते. दंड लावायचा तोही नंबरवर. म्हणून नियम कडक असतात. आकडे ठळक हवेत, नक्षीदार नकोत. चिखल बसल्यावर ६ चा ८ आणि १ चा ७ वाटला, तर कुणाचा गुण कुणाच्या खात्यात जाईल सांगता येत नाही.

पाटीचा रंगही बोलतो. मोठ्या ४५० सीसी गटात पांढऱ्या पाटीवर काळे आकडे, २५० गटात काळ्या पाटीवर पांढरे. गुणतालिकेत जो सगळ्यात पुढे, त्याला लाल पाटी. पुढच्या शर्यतीत दुसरा पुढे गेला की लाल पाटी त्याच्याकडे जाते.

जुनी पद्धत: गेल्या वर्षीचा क्रमांक तोच यंदाचा नंबर

अमेरिकेत या खेळाचं नियमन अमेरिकन मोटरसायक्लिस्ट असोसिएशन, म्हणजे एएमए करते. तिथे वर्षानुवर्षं सरळ हिशोब होता. वर्षभरात जेवढे गुण, त्या क्रमाने पुढच्या वर्षीचा नंबर. पहिला आला त्याला १, सतरावा आला त्याला १७. शाळेतल्या निकालासारखं. पाटी बघितली की माणसाची ताकद कळायची.

पण याला दोन अडचणी होत्या. पहिली म्हणजे नंबर दरवर्षी बदलायचा. प्रेक्षकांनी यंदा ओळखायला सुरुवात करावी, तर पुढच्या हंगामात गाडीवर वेगळाच आकडा. दुसरी अडचण दुखापतीची. या खेळात हात-पाय मोडणं रोजचंच. आठ नंबरचा रायडर चार महिने प्लास्टरमध्ये राहिला, की पुढच्या वर्षी त्याच्या पाटीवर साठ-सत्तरचा आकडा. कसब तेवढंच, पण पाटी सांगते की हा मागे पडला.

नवी पद्धत: कायमचा नंबर

२००० च्या सुमारास एएमएने पद्धत बदलली. आता तिथे साधारण तीन थर आहेत.

पहिला थर विजेत्यांचा. चालू विजेता आपल्या मालिकेत १ नंबर लावतो. मोठं अजिंक्यपद जिंकलेल्या रायडरला एक अंकी नंबर कायमचा घेण्याचा हक्क मिळतो. रिकी कार्मायकलचा ४, रायन डंजीचा ५, जेम्स स्टुअर्टचा ७, एली टोमॅकचा ३ हे असेच आले. आपल्याकडे 'दोन नंबर' म्हटलं की लोक वेगळ्या नजरेने बघतात. तिकडे रायन विलोपोटोने आणि त्याच्यानंतर कूपर वेबने २ नंबर अभिमानाने लावला.

दुसरा थर वर्षाच्या एकूण गुणांत पहिल्या दहात येणाऱ्यांचा. त्यांना दोन अंकी नंबर कायमचा निवडता येतो. काहींना तो इतका जवळचा होतो की पुढे अजिंक्यपद मिळवूनही ते सोडत नाहीत. ऑस्ट्रेलियाच्या चॅड रीडने शेवटपर्यंत २२ ठेवला. जेट लॉरेन्सने २०२३ मध्ये मोटोक्रॉसच्या २२ पैकी २२ मोटो जिंकल्या, तरी त्याचा नंबर १८ च.

तिसरा थर बाकीच्यांचा. ९९ पर्यंतचे उरलेले नंबर गुणांच्या क्रमाने वाटले जातात. त्याखालच्यांना आणि नवख्यांना तीन अंकी.

युरोपात वेगळंच

जागतिक मोटोक्रॉस स्पर्धेत रायडर आपला नंबर स्वतः निवडतो. इटलीच्या टोनी कैरोलीने नऊ जागतिक अजिंक्यपदं मिळवली, पण लोकांच्या डोक्यात त्याचा नंबर २२२ च बसला. स्लोव्हेनियाच्या टिम गायझरच्या २४३ मागे दुःख आहे. त्याचा भाऊ लहानपणीच गेला. त्या भावाच्या जन्मतारखेवरून, २४ मार्चवरून, हा आकडा आला. अशा माणसाला 'तू यंदा सहावा आलास, सहा नंबर लाव' म्हणणं जड जाईल.

मग नुकसान कुणाचं?

कायमच्या नंबरने नामवंतांची सोय झाली. टी-शर्ट, टोप्या, स्टिकर खपतात, कंपन्या खूश. पण रांगेत मागे उभा असलेला एक वर्ग आहे, स्वतःच्या खर्चाने पळणाऱ्यांचा. जुनी गाडी घ्यायची, व्हॅनमध्ये टाकायची, रात्रभर चालवत शर्यतीला जायचं, तिथेच झोपायचं. या पोरांसाठी तीन अंकी नंबर जाऊन दोन अंकी मिळणं हीच वर्षभराची कमाई. तो नंबर दाखवून त्याला टायरवाला, तेलवाला प्रायोजक मिळू शकतो.

आता गणित बघा. २ ते ९९ म्हणजे एकूण ९८ नंबर. त्यातले जेवढे कायमचे धरले गेले, तेवढे वाटपातून गेले. समजा वीस-पंचवीस नंबर अडकलेत. मग गुणांत पन्नासावा आलेल्याला ६५ मिळू शकतो, आणि ऐंशीच्या आसपास आलेला तीन अंकीच राहतो. कष्ट तेवढेच, पण पाटी पूर्वीएवढं खरं सांगत नाही.

म्हणून कायमच्या नंबरला अट हवीच. तिकडे तो टिकवायला वर्षात किमान गुण मिळवावे लागतात. अट रास्त आहे, नाहीतर पळायचं नाही आणि नंबर मात्र दाबून ठेवायचा असं होईल. पण दुखापतीने बसलेल्याला एका हंगामाची सवलत असावी. आणि निवृत्त झालेल्याचा नंबर ठराविक मुदतीनंतर मोकळा व्हावा.

मोठ्या खेळाडूचा नंबर बंद करावा का?

आपल्याला हा वाद नवा नाही. २०१७ मध्ये पालघरच्या शार्दूल ठाकूरने श्रीलंकेत १० नंबरची जर्सी घातली आणि लोक तुटून पडले. सचिनचा नंबर घातलाच कसा? पुढे शार्दूलने ५४ घेतला. क्रिकेटमध्ये १० नंबर बाजूला ठेवला तरी चालतं, आकडे भरपूर आहेत. मोटोक्रॉसमध्ये विजेत्यांसाठी २ ते ९ असे आठच आकडे. प्रत्येक थोराचा बंद करत गेलं तर पुढच्या विजेत्याला द्यायला काही उरणार नाही. कार्मायकलने २००२ आणि २००४ मध्ये अख्खा मोटोक्रॉस हंगाम एकही शर्यत न हरता जिंकला होता. तरी त्याचा ४ आज चेस सेक्स्टनच्या गाडीवर आहे, तोही अजिंक्यपद मिळवूनच. यात कार्मायकलचा मान कमी झाला नाही. उलट ४ लावायचा तर तेवढं करून दाखवावं लागतं, हे नव्या पोरांना कळतं.

आपल्याकडच्या आयोजकांसाठी

माळावर डर्ट ट्रॅकची शर्यत भरवणाऱ्या मंडळांना यातून तीन गोष्टी घेता येतील. एका गटात एकच नंबर दोघांना देऊ नये, 'अ' आणि 'ब' लावूनही नको, कारण धुळीत ते अक्षर दिसत नाही. गेल्या वर्षीच्या पहिल्या दहांना त्यांच्या क्रमाचा नंबर द्यावा, म्हणजे लोकांना बघायला मजा येते आणि पोरांना ईर्ष्या लागते. आणि नंबर ओळखीवर, वर्गणीवर किंवा पुढाऱ्याच्या फोनवर देऊ नये. एकदा का १ नंबर फोनवर मिळतो हे पोरांना कळलं, की गुणांसाठी कुणी जीव तोडून पळणार नाही.