घरी चालणारा व्हिडिओ वर्गात का अडतो?

पुण्याच्या बिबवेवाडीत अप्पर इंदिरानगरला विश्वकर्मा इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी १९८३पासून आहे. सेमिनारचे स्लाइड, प्रोजेक्टचा अहवाल, क्लासच्या नोट्स हे तिथल्या विद्यार्थ्यांचं आणि शिक्षकांचं रोजचं काम. त्यात आवाज, व्हिडिओ, बटणं घालायची हौस योग्यच आहे. पण ऐन सादरीकरणात व्हिडिओ चालला नाही की मेहनत वाया जाते आणि दोष पेन ड्राइव्हला मिळतो. खरं कारण बहुतेक वेळा पुढच्या गैरसमजांत असतं.

गैरसमज : पीडीएफमध्ये फक्त मजकूर आणि चित्रं बसतात.
वस्तुस्थिती : पीडीएफ १९९३ साली आली आणि १९९६च्या १.२ आवृत्तीपासूनच तिच्यात आवाज घालायची आणि चलचित्र जोडायची सोय आहे. पुढे त्रिमितीय आकृत्याही आल्या. भरायचे फॉर्म आणि आपोआप होणारी बेरीज हीसुद्धा पीडीएफचीच करामत.

गैरसमज : व्हिडिओ एकदा फाइलमध्ये घातला की कुठेही चालतो.
वस्तुस्थिती : फाइल व्हिडिओ सांभाळते, तो दाखवायचं काम फाइल उघडणाऱ्या प्रोग्रॅमचं. कॉम्प्युटरवरचं अ‍ॅक्रोबॅट रीडर परवानगी विचारून व्हिडिओ चालवतं. क्रोम किंवा फायरफॉक्समध्ये आणि बहुतेक मोबाइल अ‍ॅपमध्ये तीच फाइल उघडली, तर नुसतं स्थिर चित्र किंवा रिकामी चौकट दिसते. पान उलटतानाचे इफेक्टही पूर्ण पडद्यावर फाइल उघडली तरच दिसतात. जुन्या फाइलींतली फ्लॅशची बटणं तर आता मुकीच आहेत, कारण अ‍ॅडोबी कंपनीने ३१ डिसेंबर २०२०ला फ्लॅशचा आधार काढून घेतला.

गैरसमज : पॉवरपॉइंटची पीडीएफ केली की अ‍ॅनिमेशन तसंच राहतं.
वस्तुस्थिती : राहत नाही. व्हिडिओच्या जागी एक चित्र उरतं आणि एकामागून एक येणाऱ्या आकृत्या एकाच पानावर एकमेकींवर चढतात. हालचाल आणि निवेदन टिकवायचं असेल, तर सादरीकरण एमपी४ व्हिडिओ म्हणून काढावं. मात्र त्यात क्लिक करायची बटणं चालत नाहीत. मूळ पॉवरपॉइंट न्यायचं असेल, तर व्हिडिओ फाइलमध्येच घातलाय की नुसता जोडलाय, हे तपासावं. जोडलेला असेल, तर तो सोबत न्यावाच लागतो.

गैरसमज : पाठ्यपुस्तकातल्या क्यूआर कोडमध्ये व्हिडिओ साठवलेला असतो.
वस्तुस्थिती : त्या छोट्या चौकोनात फक्त पत्ता किंवा सांकेतिक क्रमांक असतो. बालभारतीच्या पुस्तकात पाठाजवळचा कोड 'दीक्षा' अ‍ॅपने स्कॅन केला की त्या पाठाचं दृकश्राव्य साहित्य इंटरनेटवरून येतं. सोलापूर जिल्ह्यातल्या परितेवाडीचे शिक्षक रणजितसिंह डिसले यांना २०२०चा ग्लोबल टीचर प्राइज मिळाला, त्यात पाठ्यपुस्तकांतल्या याच क्यूआर कोडच्या कामाचा मोठा वाटा होता. या पद्धतीचा मोठा फायदा असा की छापलेलं पुस्तक न बदलता कोडमागचा व्हिडिओ सुधारता येतो. जिथे नेटवर्क नाही, तिथे साहित्य आधीच उतरवून ठेवावं.

गैरसमज : इफेक्ट जितके जास्त, तितकं चांगलं समजतं.
वस्तुस्थिती : कॅलिफोर्निया विद्यापीठातले मानसशास्त्रज्ञ रिचर्ड मेयर यांनी अनेक वर्षं याच विषयावर प्रयोग केले. शब्दांना समर्पक चित्राची जोड मिळाली की शिकणं सुधारतं. विषयाशी संबंध नसलेलं संगीत आणि सजावट मात्र लक्ष विचलित करतात. इंजिनचा पिस्टन कसा हलतो हे दाखवणारं अ‍ॅनिमेशन उपयोगाचं आहे. गरगर फिरत येणारं शीर्षक नाही.

म्हणून दोन प्रती कराव्यात. एक सादरीकरणाची, आणि ती ज्या कॉम्प्युटरवर दाखवायची तिथेच आधी चालवून पाहावी. दुसरी जपून ठेवायची आणि वाटायची. दीर्घकाळ जतनासाठी केलेल्या पीडीएफ/ए या प्रकारात आवाज आणि व्हिडिओ चालवायला मनाईच आहे. म्हणून या दुसऱ्या प्रतीत प्रत्येक व्हिडिओचा सारांश दोन वाक्यांत आणि त्याचा दुवा द्यावा. मग वाचणाऱ्याकडे साधा स्मार्टफोन असला, तरी मुद्दा त्याच्यापर्यंत पोहोचेल.