भाऊ जिंकले असते तर

रायपूरच्या सदर बाजारात सराफ सोने तोलण्याआधी रिकाम्या तराजूचा काटा पाहून घेतो. इतिहासात ‘असे झाले असते तर’ म्हणायचे असेल, तर आपणही तेच करावे. आधी खरे काय घडले ते पाहावे, मग कल्पनेचे वजन टाकावे. आम्हा मराठी घरांत गोव्याचा विषय निघाला की कुणीतरी म्हणतोच, ‘भाऊसाहेब बांदोडकर जिंकले असते, तर गोवा आज महाराष्ट्रात असता.’ हे वाक्य जरा सावकाश उलगडून पाहू.

प्रथम प्रश्न कोणता होता ते बघावे. १६ जानेवारी १९६७ रोजी गोव्यात जनमत कौल झाला. जनमत कौल म्हणजे उमेदवार न निवडता एका प्रश्नावर लोकांनी थेट मत देणे. महाराष्ट्रात विलीन व्हायचे असेल तर ‘फूल’, केंद्रशासित प्रदेश म्हणून वेगळे राहायचे असेल तर ‘दोन पाने’. पहिली चूक इथेच होते. गोव्याने तेव्हा ‘वेगळे राज्य’ निवडले, असे पुष्कळांना वाटते. तो पर्याय मतपत्रिकेवर नव्हताच. घटक राज्याचा दर्जा आला तो ३० मे १९८७ रोजी.

मग आकडे. दोन पानांना १,७२,१९१ मते, फुलाला १,३८,१७०. फरक ३४,०२१. आता इतकी मते कमी पडली म्हणून तेवढीच बदलायला हवी होती, असे समजू नये. एक मत इकडून तिकडे गेले की फरक दोनाने घटतो. म्हणजे १७,०११ माणसांनी मन बदलले असते, तर फूल जिंकले असते.

ही माणसे कोण, हा खरा अवघड भाग आहे, आणि इथे घाई केली की सगळा हिशेब चुकतो. बांदोडकर खाणमालक, पण कूळ-मुंडकारांचे, म्हणजे दुसऱ्याची जमीन कसणाऱ्या आणि दुसऱ्याच्या जागेत घर करून राहणाऱ्या माणसांचे, ‘भाऊ’. त्यांचा महाराष्ट्रवादी गोमंतक पक्ष १९६३ साली पहिली निवडणूक जिंकून सत्तेवर आला आणि ते मुख्यमंत्री झाले. विलीनीकरणाचा निर्णय विधानसभेत व्हावा असे त्यांना वाटे. तिथे बहुमत होते, आणि १९६५ साली तसा ठरावही झाला. विरोधी पक्षनेते डॉ. जॅक सिक्वेरा मात्र लोकांनाच विचारा म्हणून अडून बसले. अखेर संसदेने कौलाचा कायदा केला आणि मतदानापूर्वी, डिसेंबर १९६६ मध्ये, बांदोडकरांचे मंत्रिमंडळ पायउतार झाले.

आता गंमत बघा. कौल हरल्यावर दोन-अडीच महिन्यांत, मार्च १९६७ मध्ये, विधानसभेची निवडणूक झाली. ती बांदोडकरांच्याच पक्षाने जिंकली आणि भाऊ पुन्हा मुख्यमंत्री झाले. माणूस हवा, पण त्याचा प्रश्न नको, असे म्हणणारा मतदार गोव्यात होता. म्हणून ‘भाऊ आणखी लोकप्रिय असते तर’ ही कल्पना फारशी कामाची नाही. त्यापेक्षा ‘राष्ट्रमत’ हे मडगावचे दैनिक निघालेच नसते तर, असे विचारावे. मराठी वाचणाऱ्यांनाच ते मराठीतून सांगत होते की विलीनीकरणात आपले नुकसान आहे. नोकऱ्या बाहेरचे नेतील, ही भीती होती. महाराष्ट्रातल्या दारूबंदीने रेंदेर, म्हणजे माडाची सूर काढणारे, धास्तावले होते.

समजा, तरीही फूल जिंकले. दुसऱ्या दिवशी गोवा महाराष्ट्रात गेला का? नाही. कौल हा सल्ला असतो. सीमा बदलते संसद. राज्यघटनेच्या तिसऱ्या कलमाप्रमाणे राष्ट्रपतींच्या शिफारशीने विधेयक येते, ज्या राज्याची हद्द बदलणार त्याच्या विधिमंडळाचे मत विचारले जाते आणि साध्या बहुमताने कायदा होतो. मत विचारायचे, मानायचे बंधन नाही.

पुढची पायरी बहुतेक जण विसरतात: जागा. गोव्याची लोकसंख्या १९६० च्या गणनेत सुमारे ५ लाख ९० हजार. महाराष्ट्राची १९६१ साली सुमारे ३ कोटी ९५ लाख, आणि १९६७ च्या विधानसभेत २७० जागा. भागाकार करा, गोव्याच्या वाट्याला चार येतात. सवलत देऊन थोड्या वाढवल्या असत्या असे धरू. पण पणजीतले गोव्याचे २८ आमदार संपले, आणि मुख्यमंत्र्याची खुर्चीही. जिंकलेले बांदोडकर मुंबईत एका छोट्या गटाचे पुढारी झाले असते. हरलेले बांदोडकर १२ ऑगस्ट १९७३ पर्यंत, म्हणजे मृत्यूपर्यंत, मुख्यमंत्री राहिले. माझ्या मते या सगळ्या ‘जर-तर’मधली सर्वांत वजनदार गोष्ट हीच आहे, आणि विलीनीकरणवादी मित्रांना ती फारशी आवडत नाही.

कोकणीचे काय, हेही लोक विचारतात. १९८७ चा गोव्याचा राजभाषा कायदा त्या वाटेवर आलाच नसता, एवढे म्हणता येते. त्यापुढचे, म्हणजे कोकणी बुडाली असती की चिडून आणखी उसळली असती, हे पेन्सिलीनेच लिहावे.

विलीनीकरण कायमचे ठरले असते, हेही पेन्सिलीनेच. त्याच तिसऱ्या कलमाने प्रदेश जोडता येतो तसा तोडताही येतो. आमचे रायपूर १ नोव्हेंबर १९५६ ला नव्या मध्य प्रदेशात गेले, विदर्भ मुंबई राज्यात. ४४ वर्षांनी त्याच तारखेला छत्तीसगड झाले. फूल की पाने, असे सदर बाजारात दोन्ही वेळा कुणी विचारायला आले नाही.