बदकाची वाकडी मान

गोव्यातील आमच्या हिंदू घरांत पूर्वी वाढदिवस म्हणजे औक्षण आणि गोडाधोडाचे जेवण. केक मागाहून आला. आता तो बहुधा बेकरीतूनच येतो; त्यावर मुलांच्या आवडीचे पात्रही रेखीव उमटलेले असते. तरीही घरी धडपडून केलेल्या केकचे आम्हांस अधिक अप्रूप वाटते.

ऑस्ट्रेलियात ‘विमेन्स वीकली’ने १९८० साली मुलांच्या केकचे पुस्तक काढले. त्यातील बदकाची चोच बटाट्याच्या वेफर्सची, तुरा मक्याच्या लाह्यांचा! तेथील आईबापांना या बदकाने असा लळा लावला की, २०२० साली ‘ब्लूई’ या बालमालिकेचा एक भागच त्यावर बेतला गेला.

अशा केकला खास साचा लागतोच असे नाही. साधा केक पुरता निवू द्यावा, कागदी आकृती ठेवून सुरीने कापावा, उरल्या तुकड्यांचे कान-शेपूट जोडावे. मान वाकडी झाली तर होऊ द्यावी. चतुर्थीला लेकीने वळलेला पहिला मोदक वाकडा निघाला, म्हणून आपण तो नैवेद्यातून वगळतो काय? बेकरीवाल्यांवर आमचा रोष नाही. पण वर्षातील एक संध्याकाळ लेकरासाठी राखावी, एवढेच आमचे सांगणे. विकत मिळत नाही ती तेवढीच.