मरिन ड्राइव्हवरचा ताशा

पहाटे २.१०. लालबागमधल्या एका चाळीच्या जिन्याखाली पथकाचा गाळा आहे. दार पूर्ण उघडत नाही, म्हणून ढोल आडवे करून बाहेर काढावे लागतात. आठ ढोल, तीन ताशे, दोन जोड झांजा. माणसं चौदा, त्यांत सामान उचलायला एक पोरगा. पथकाचे म्होरके पन्नाशी ओलांडलेले आहेत. सगळी पोरं त्यांना मामा म्हणतात. एरवी ते एका छापखान्यात बाइंडिंग करतात. ताशा त्यांचा.

"वरच्या मजल्यावर माणसं झोपलीत," एवढंच ते म्हणतात. पुढची वीस मिनिटं झांजेला झांज लागू न देता सगळं सामान 'छोटा हत्ती' टेम्पोत चढतं.

२.४०. टेम्पोचं भाडं जाऊन-येऊन अठराशे. एरवी हजारात काम होतं. पण आज मुंबई मॅरेथॉन आहे आणि पथक धावणाऱ्यांसाठी वाजवणार आहे. रस्ते बंद व्हायच्या आत सामान मरिन ड्राइव्हला उतरवायचं आणि टेम्पोवाल्यानं पलीकडे जाऊन दुपारपर्यंत थांबायचं, म्हणून हा वरचा पैसा. मामांनी घासाघीस केली नाही. "त्याचाही रविवार गेला ना," म्हणाले.

३.३०. जिमखान्यांसमोर, समुद्राच्या बाजूला पथकाची जागा ठरलेली आहे. ढोल कठड्याला टेकवून ठेवले. टेम्पोत हादरून दोऱ्या सैल झाल्या आहेत. मग आवळणं सुरू होतं. एकानं ढोल मांड्यांत घट्ट धरायचा, दुसऱ्यानं पाय रोवून दोरीचा एकेक पेड ओढत गोल फिरायचं. आधीचा पेड सुटू द्यायचा नाही. एका ढोलाला दहा मिनिटं जातात. थंडीतही पोरांच्या पाठी भिजतात. शेवटी मामा प्रत्येक ढोलाच्या पानावर बोटाच्या पेरानं टिचकी मारतात आणि कान जवळ नेतात. पाचवा ढोल त्यांना पटत नाही. "परत ओढ." पोरगा तोंड वाकडं करतो, पण ओढतो.

४.१५. सायकलवरचा चहावाला. कटिंग दहा रुपये, चौदा कटिंग. मामा सुटे पैसे वरच्या खिशात वेगळे ठेवतात, हिशेबाला लागतात म्हणून. चहा पिता पिता पोरं बोटांना चिकटपट्टी गुंडाळतात. आधी अंगठा, मग पहिली दोन बोटं. नवशिके नुसती गुंडाळतात, जुने पेराजवळ थोडी सैल सोडतात. घट्ट गुंडाळली की तासाभरात बोट बधिर होतं.

सतरा-अठरा वर्षांचा एक पोरगा यंदाच ढोलावरून ताशावर आलाय. त्याच्या काड्या नव्या आहेत. मामांच्या काड्या वेताच्या, धरायच्या जागी काळपट पडलेल्या. टोकं झिजली की ते काचेच्या तुकड्यानं तासून घेतात.

५.२०. पाचला छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनससमोरून सुटलेले पूर्ण मॅरेथॉनचे हौशी धावपटू अंधारातून येतात. ४२.१९५ किलोमीटर. पेडर रोडचा चढ, वरळी, सी लिंक, माहीम आणि तिथून परत. हजारो माणसं, पण आवाज फक्त बुटांचा. पथक हात बांधून उभं आहे. रात्री दहा ते सकाळी सहा उघड्यावर वाद्य वाजवायचं नाही, हा कायदा आहे. एक धावणारा ओरडतो, "वाजवा ना!" मामा घड्याळावर बोट ठेवून दाखवतात. आपल्याकडे रस्त्यावर वाद्य वाजवणाऱ्यांना सगळे बेशिस्त समजतात. मामांनी चाळीस मिनिटं ताशा गळ्यात अडकवून तसाच ठेवला.

६.००. बंदोबस्तावरच्या हवालदारांनी होकाराची मान हलवली. मामांनी ताशा सुरू केला. आधी एकटाच, तडतड तडतड. मग आठ ढोल एकदम. समोरच्या इमारतींवर आदळून आवाज परत आला. माहीमहून सुटलेल्या अर्ध्या मॅरेथॉनचे वेगवान गडी याच सुमाराला चौपाटीकडून येतात. थोड्याच वेळात दहा किलोमीटरवालेही दिसू लागतात. ढोल कमरेला बांधलेला, वजन सहा-सात किलो. उजव्या हातात टिपरू, डाव्या हाताची थापी. प्रत्येकानं दहा मिनिटं वाजवायचं, दोन मिनिटं थांबायचं. आठांपैकी दोघे आळीपाळीनं बाहेर. म्हणजे ठेका तुटत नाही आणि खांदेही राहतात.

७.३०. उजाडलंय. सूर्य समोरच्या इमारतींआडून येतो, त्यामुळे रस्त्यावर अजून सावली आहे. फुटपाथ भरत चाललाय. गिरगावातून माणसं घरच्या कपड्यांत चालत आलीत. लोकलनं आलेल्या बायका आहेत, पोरांना खांद्यावर घेतलेले बाप आहेत. तिकीट नाही, पास नाही, कोण कुठला कुणी विचारत नाही. कठड्यावर जो आधी बसला त्याची जागा. एका कुटुंबानं घरून सोललेली संत्री आणलीत, डब्याच्या झाकणात मीठ आहे. ती आजी फोड मिठाला लावून धावणाऱ्याच्या हातावर ठेवते. घेणारा "थँक्यू आजी" म्हणेपर्यंत पुढे गेलेला असतो.

इतक्यात पांढरी गाडी, मोटारसायकली आणि मागोमाग अव्वल धावपटू. आले आणि गेले. हायले लेमी या इथिओपियाच्या धावपटूनं २०२३ मध्ये हे अंतर २ तास ७ मिनिटं ३२ सेकंदांत कापलं होतं. तीन मिनिटांना एक किलोमीटर. त्यांच्यासाठी ठेका बदलायला वेळच मिळत नाही.

८.१०. एक ढोल फुटला. पान मधोमध उभं चिरलं. साडेतीनशे रुपये. मामा त्या पोराला काही बोलले नाहीत. ढोल बाजूला ठेवला आणि त्याच्या हातात झांज दिली. झांजवाल्याला वडापाव खायला पाठवलं.

८.४०. मला इथे यायचं होतं ते पुढच्या दीड तासासाठी. पहाटे अंधारात गेलेली माणसं आता परत येतायत. पस्तीसहून जास्त किलोमीटर झालेत, चारेक राहिलेत. ऊन डोक्यावर येतंय. कुणाची मान एका बाजूला कललीय. कुणाच्या पोटरीत गोळा आलाय. कुणी चालतोय आणि बघणाऱ्यांची नजर चुकवतोय.

मामांनी लय उतरवली. पोरांना वाटलं दमले. नव्या ताशेवाल्यानं आपल्या परीनं वेग वाढवला, तशी मामांची काडी हलकेच त्याच्या ताशाच्या काठावर टेकली. "तोंडाकडे बघू नको. पायाकडे बघ."

मीही पायांकडे बघायला लागलो. घोळक्यातली बहुतेक पावलं एका संथ मापात पडतायत. मामांनी ठेका आधी त्या मापावर आणून ठेवला. तिथं अर्धा मिनिट राहिले. मग अगदी थोडा वर सरकवला. समोरच्या दहा-बारा जणांची पावलं त्याबरोबर वर आली. एका बाईंनी मान उचलली. चालणारा एक जण धावू लागला, आमच्यासमोरून गेला, पुढच्या खांबापर्यंत धावतच राहिला. तोवर मामांनी लय पुन्हा खाली आणलेली, मागून येणाऱ्यांसाठी. असं पुन्हा पुन्हा. लग्नात वऱ्हाड नाचवताना जलद वाजवलं की टाळ्या मिळतात. इथे जलद वाजवलं तर दमलेला माणूस ठेका सोडून देतो. मामांना हे कुणी शिकवलं नाही. विसर्जनाच्या मिरवणुकीत पहाटेच्या वेळी पेंगणाऱ्या पोरांना चालतं ठेवून ठेवून हातात आलंय.

९.०५. एक दृष्टिहीन धावपटू येतो. त्याच्या आणि सोबत्याच्या हातात एकच दोरी आहे. सोबती सारखा बोलतोय: डावीकडे, सरळ, पुढे पाणी. मामांनी हात वर केला. सगळे ढोल बंद. लोकांना कळेना काय झालं, काही जण "वाजवा" म्हणून ओरडले. दोघं वीस-पंचवीस पावलं पुढे गेल्यावर हात खाली आला. त्याला सोबत्याचं ऐकू आलं पाहिजे, हे रस्त्यावरच्या एवढ्या माणसांत या एकाच्या ध्यानात आलं.

११.१५. शेवटचे तुरळक धावपटू. संत्री संपली, आजी गेली. पालिकेच्या सफाई कामगार खराटे घेऊन उतरल्यात आणि पाण्याच्या बाटल्यांचा ढीग लागतोय. पोरांनी टिपरं खाली ठेवली. चिकटपट्टी सोडवताना दोघांची कातडी निघाली. नाश्ता आता: माणशी दोन वडापाव आणि पुन्हा एक कटिंग.

१२.४०. रस्ता उघडला, टेम्पो आला. हिशेब टेम्पोच्या फाळक्यावरच. सुपारी सोळा हजारांची. देणारा माणूस वेळेवर आला, मोबाइलवर पैसे टाकून गेला. टेम्पो अठराशे. चहा-नाश्ता साडेआठशे. तेरा पोरांना माणशी आठशे, दहा हजार चारशे. सामान उचलणाऱ्यालाही तेवढेच, मामा त्याचे कापत नाहीत. स्वतःचे दीड हजार. उरले चौदाशे पन्नास. त्यातून फुटलेलं पान वजा केलं की अकराशे, दोऱ्या आणि काड्यांसाठी. कंपनीत, दुकानात, कुरिअरमध्ये लागलेली ही पोरं. आठशे मोबाइलवर आले की नाही, हे प्रत्येक जण दोनदा बघतो.

१.३०. लालबाग. गाळ्यात ढोल आत जातायत, पण दोन ढोल आणि ताशे बाहेरच ठेवलेत. संध्याकाळी सहाला काळाचौकीला हळद आहे.

"मामा, तिथे ताशा मी लावू?" नवा पोरगा विचारतो.

"पाय बघशील?"

"हळदीत?"

"हळदीतच जास्त. म्हाताऱ्या बायका पण नाचतात."

पोरगा हो म्हणतो. मामा त्याला पहिला अर्धा तास देतात आणि साडेतीनशे रुपये काढून नवं पान आणायला पाठवतात.