खडेबाजारातील पाटी : मानवी हक्कांच्या अभ्यासाचा एक धडा

मानवी हक्कांचा विषय निघाला की आपली दृष्टी सहसा दूरदेशीच्या तुरुंगांकडे किंवा निर्वासितांच्या छावण्यांकडे वळते. आमच्या वर्गातील एका विद्यार्थ्याने मात्र अगदी जवळचा प्रश्न विचारला : बेळगावच्या खडेबाजारातील दुकानावर कोणत्या भाषेत पाटी असावी, हा मानवी हक्कांचा प्रश्न होऊ शकतो काय? काहींना हसू आले. आम्हांला मात्र हा प्रश्न सविस्तर उत्तरास पात्र वाटला. प्रस्तुत लेखात ते उत्तर देण्याचा यत्न केला आहे.

प्रथम एक भेद स्पष्ट केला पाहिजे. १ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्यपुनर्रचना झाली आणि बेळगाव, निपाणी हा प्रदेश तत्कालीन म्हैसूर राज्यात गेला. महाजन आयोगाचा अहवाल १९६७ साली आला. महाराष्ट्राने २००४ साली सर्वोच्च न्यायालयात दावा दाखल केला. सीमा कोठे असावी, हा त्या वादाचा प्रश्न आहे. सीमा कोठेही असली तरी तिच्या आत राहणाऱ्या मनुष्याचे कोणते हक्क अबाधित राहतात, हा मानवी हक्कांचा प्रश्न आहे. पहिल्याचा निकाल लागेपर्यंत दुसरा थांबवून ठेवता येत नाही. मुले तोवर शाळेत जातच असतात.

आता आंतरराष्ट्रीय आधार पाहू. १० डिसेंबर १९४८ च्या जागतिक जाहीरनाम्याच्या दुसऱ्या कलमात भाषेवरून भेदभाव निषिद्ध ठरविला आहे. परंतु अल्पसंख्याकांसाठी त्यात स्वतंत्र कलम नाही. ती उणीव नागरी व राजकीय हक्कांच्या १९६६ च्या कराराने भरून काढली. त्याचे १९ वे कलम अभिव्यक्तीचे स्वातंत्र्य देते, तर २७ व्या कलमान्वये भाषिक अल्पसंख्याकांना आपल्या समुदायासह स्वभाषा वापरण्याचा हक्क नाकारता येत नाही. हा करार १९७६ साली अमलात आला व १९७९ साली भारताने तो स्वीकारला.

या कलमांची कसोटी ज्या प्रकरणात लागली, ते योगायोगाने पाट्यांचेच होते. कॅनडातील क्वेबेक प्रांतात फ्रेंच भाषिक बहुसंख्य आहेत. तेथील १९८८ च्या कायद्याने दुकानांबाहेर फ्रेंचखेरीज अन्य भाषेतील व्यापारी पाट्यांना मनाई केली. तीन इंग्रजी भाषिकांनी संयुक्त राष्ट्रांच्या मानवी हक्क समितीकडे तक्रार केली. त्यांत एक चित्रकार होता, तर एक अंत्यसंस्काराची व्यवस्था करणारा व्यावसायिक होता. ३१ मार्च १९९३ रोजी समितीने मत दिले की, राज्याला आपली राजभाषा निवडता येते. परंतु सार्वजनिक कारभाराच्या क्षेत्राबाहेर नागरिकाने स्वतःच्या पसंतीच्या भाषेत व्यक्त होण्यावर बंदी घालता येत नाही. फ्रेंचचे रक्षण हा हेतू योग्य असला, तरी त्यासाठी इंग्रजी पुसण्याची गरज नव्हती. दोन्ही भाषा लिहिण्याची सक्ती करता आली असती.

येथवरचा भाग ऐकून आमच्या विद्यार्थ्यांना समाधान वाटले. परंतु निर्णयाचा उत्तरार्ध तितका सोयीचा नाही. २७ व्या कलमाचा लाभ तक्रारदारांना मिळाला नाही. प्रांतात ते थोडे असले तरी संपूर्ण कॅनडात इंग्रजी भाषिक बहुसंख्य आहेत, आणि अल्पसंख्या देशाच्या प्रमाणावर मोजावयाची, असे समितीच्या बहुमताने ठरविले. काही सदस्यांनी यास असहमती दर्शविली. आपल्या सर्वोच्च न्यायालयाने मात्र शिक्षणसंस्थांविषयीच्या १९७१ व २००२ च्या निर्णयांत अल्पसंख्या राज्याच्या प्रमाणावर मोजली आहे. सीमाभागातील मराठी माणसाला याबाबतीत संविधान अधिक आधार देते. शिवाय १९५६ च्या सातव्या दुरुस्तीने घातलेले ३५० अ हे कलम राज्यांना सांगते की, भाषिक अल्पसंख्याकांच्या मुलांना प्राथमिक शिक्षण मातृभाषेतून देण्याची पुरेशी सोय करण्याचा प्रयत्न करावा. आणखी एक मर्यादा ध्यानात ठेवावी : व्यक्तिगत तक्रारीची वाट उघडणारा पूरक करार भारताने स्वीकारलेला नाही. म्हणून खडेबाजारातील दुकानदाराला क्वेबेकच्या चित्रकाराप्रमाणे समितीचे दार ठोठावता येत नाही.

मग विद्यार्थ्याच्या प्रश्नाचे उत्तर काय? कर्नाटकाच्या २०२४ च्या दुरुस्तीने पाटीवर साठ टक्के कन्नड आवश्यक केले आहे. ही इतर भाषांवरील बंदी नव्हे. १९९३ नंतर क्वेबेकनेही फ्रेंचला ठळक प्राधान्य देऊन इतर भाषांना वाट मोकळी केली. तेव्हा केवळ प्रमाणाच्या नियमाला हक्कभंग म्हणणे आम्हांला घाईचे वाटते. उरलेल्या चाळीस टक्क्यांत मराठी निर्भयपणे लिहिता येते की नाही, ही खरी कसोटी होय. आणि पाटीपेक्षा शाळा व सरकारी कचेरीतील सूचना अधिक मोलाच्या आहेत. कारण दुकानदार ग्राहकाला तोंडी सांगू शकतो, पण न वाचता आलेल्या सूचनेमुळे वृद्धेचे निवृत्तिवेतन अडते.

हीच मोजपट्टी आपण आपल्याकडेही लावली पाहिजे. महाराष्ट्राने २०२२ साली दुकानांच्या पाट्यांवर मराठी सक्तीची केली व तिची अक्षरे अन्य लिपीहून लहान असू नयेत असे ठरविले. अक्कलकोट आणि जत तालुक्यांत कन्नड बोलणारी कुटुंबे पिढ्यान्‌पिढ्या राहतात. बेळगावात जो हक्क आपण मागतो, तो तेथील कन्नड मुलाला द्यावयास आपण सिद्ध नसलो, तर आपण मागत होतो तो हक्क नसून केवळ आपला पक्ष होता, असे म्हणावे लागेल.

ईशप्रतिमा प्रत्येक मनुष्यात आहे, असे शिकविणाऱ्यांना यात नवीन काही नाही. पेंटेकॉस्टच्या दिवशी जमलेल्यांना एक भाषा शिकावी लागली नाही. प्रत्येकाने आपापल्या भाषेत ऐकले. वर्गातून बाहेर पडून खडेबाजारातून जाताना आमच्या विद्यार्थ्यांनी मराठीबरोबरच कन्नड पाट्याही वाचावयास शिकावे, एवढीच आमची विनंती आहे. शेजाऱ्याचे अक्षर ओळखणाऱ्यालाच त्याच्या हक्काविषयी बोलण्याचा अधिकार प्राप्त होतो.