आवाज कब आरा?

घरची गाडी : लेखांक 7

“आवाज कब आरा? ब्रेक पे आरा, या गड्डे पे?”

हैदराबादच्या गॅरेजात गाडी उभी राहिली की बॉनेटला हात लावण्याआधी उस्ताद हे विचारतो. गाडीवाला तेलुगू असो नाहीतर मराठी, त्याचं उत्तर बहुधा ठरलेलं: “कभी आता, कभी नै आता.” मग उस्ताद शेजारी बसतो, दोघं एक फेरी मारून येतात आणि नेमक्या त्या फेरीत गाडी गप्प राहते. दुसऱ्या दिवशी सकाळी विद्यानगरच्या गल्लीतून मोठ्या रस्त्याला लागताना ब्रेकवर पाय पडतो आणि गाडीच्या पोटातून पुन्हा तोच आवाज येतो. खट्.

असा लपंडाव खेळणारा आवाज शोधून काढता येतो. त्यातलं निम्मं काम घरच्या माणसालाच करता येतं, कारण उस्तादाचा पहिला प्रश्न अगदी योग्य जागी बोट ठेवतो. आवाज कुठून आला हे सांगण्यात कान फसतो. मोटारीचा सांगाडा म्हणजे पत्र्याचा पोकळ डबा. मागच्या चाकाजवळचा ठोका पत्र्यातून धावत येऊन चालवणाऱ्याच्या पायाखाली वाजतो. आवाज कधी आला हे मात्र आठवडाभर लक्ष ठेवलं तर कुणालाही सांगता येतं.

ब्रेक दाबल्यावर वाजलं म्हणजे ब्रेकच बिघडला, हा समज खिशाला फार महाग पडतो. नवे पॅड बसतात, डिस्क लेथवर घासून येते, बिल होतं, आणि खट् आहे तिथेच राहतो. ब्रेक चाक थांबवतो हे खरं, पण त्याच क्षणी तो सगळी गाडी हलवून सोडतो. हजार किलोची छोटी गाडी धरा. पुढच्या आणि मागच्या चाकांतलं अंतर 2.4 मीटर, वजनाचा मध्य जमिनीपासून अर्धा मीटर उंच. ब्रेक बऱ्यापैकी जोरात मारला, म्हणजे दर सेकंदाला ताशी 18 किलोमीटर वेग उतरतो आहे. अशा वेळी मागच्या चाकांवरचा सुमारे 100 किलो भार पुढच्या चाकांवर सरकतो. सोनामसुरीच्या 25 किलोच्या चार पिशव्या एका दमात मागून पुढे ढकलल्यासारखंच ते असतं. शिवाय रस्ता प्रत्येक पुढच्या चाकाला जवळपास 175 किलोच्या जोराने मागे रेटतो आणि गाडीचं धड मात्र पुढे जाऊ पाहतं. या दोघांना धरून ठेवणारे जे सांधे, रबरी बुश, नट आणि माउंटिंग आहेत, त्यांतलं एखादं जरी दोन मिलिमीटर सैल असलं, तर ते तेवढं सरकतं आणि ठोका देतं.

तेव्हा पहिली तपासणी डिकीची. ऐकायला क्षुल्लक वाटते, पण हजारो रुपये वाचवते. जॅक त्याच्या खोबणीत घट्ट बसला आहे का, स्टेपनीचा मधला स्क्रू आवळलेला आहे का, सीटखाली पाण्याची बाटली घरंगळते आहे का, हे बघायचं. शक्यतो सगळं बाहेर काढून दोन दिवस गाडी तशीच चालवायची. आवाज ‘खट्’ नसून ‘डुब्ब’ असेल आणि गाडी थांबल्यानंतर क्षणभराने येत असेल, तर पेट्रोलच्या टाकीवर संशय घ्यावा. अर्धी भरलेली टाकी असली की पेट्रोलची लाट पुढच्या भिंतीवर आपटते. टाकी काठोकाठ भरल्यावर आवाज गेला आणि काटा निम्म्यावर आल्यावर परतला, तर बिघाड काहीच नाही.

आवाजाचं नाव अचूक घेण्यात मराठी माणसाला भाषेची मोठी मदत आहे. खट्, टक्, धप्प, खडखड, किरकिर, घरघर: यांतला प्रत्येक शब्द गॅरेजात वेगळ्या दिशेला नेतो. किरकिर हा घर्षणाचा आवाज, आणि तो डिस्क ब्रेकइतकाच जुना आहे. इंग्लंडच्या फ्रेडरिक लँचेस्टर यांनी 1902मध्ये डिस्क ब्रेकचं पेटंट घेतलं. त्यात तांब्याचे तुकडे धातूच्या चकतीवर घासत आणि कानठळ्या बसवणारा चीत्कार निघे. खट् हा वेगळ्या जातीचा. त्यात घासणं नसतं. एक वस्तू मोकळ्या जागेतून सरकून दुसरीवर आदळलेली असते. म्हणून शोधायची ती मोकळी जागा.

आता विद्यानगरमधल्या एखाद्या अपार्टमेंटमध्ये जाऊ. हैदराबादेत इमारतीखालच्या पार्किंगला ‘सेलर’ म्हणतात. जागा अपुरी, खांबांच्या मधे गाड्या खेटून लावलेल्या. त्यामुळे कितीतरी गाड्या रोज सकाळी रिव्हर्समध्येच बाहेर निघतात. मागे घेताना ब्रेक लागतो, मग गाडी पुढे निघते आणि फाटकाशी पहिला ब्रेक दाबल्यावर खट् होतो. पुढे दुर्गाबाई देशमुख रुग्णालयावरून, कोठीकडे, इसामिया बाजारातल्या मराठी ग्रंथसंग्रहालयापर्यंत दहा वेळा ब्रेक लागतो, पण गाडी चूप. परत निघताना पार्किंगमधून रिव्हर्स काढली की पहिल्या ब्रेकला पुन्हा एकदा खट्.

हे कोडं ज्याला उलगडलं त्याला ‘कभी आता, कभी नै आता’चं अर्धं रहस्य कळलं. पुढच्या डिस्कला दोन बाजूंनी चिमटीत धरणारे पॅड लोखंडी चौकटीत बसवलेले असतात. त्यांना पुढेमागे सरकता यावं म्हणून चौकटीत अगदी किंचित जागा ठेवावी लागते. गाडी मागे जाताना ब्रेक लागला की फिरती डिस्क पॅडला ओढून चौकटीच्या एका कडेला टेकवते. मग गाडी पुढे निघते, ब्रेक लागतो, डिस्क आता उलट्या दिशेने ओढते आणि पॅड दुसऱ्या कडेवर जाऊन आदळतो. तोच हा ठोका. पुढच्या ब्रेकना आवाज नाही, कारण पॅड आधीच त्या कडेला टेकलेला आहे. दिशा बदलेपर्यंत त्याला सरकायला जागाच नाही.

घरच्या घरी खात्री करणं सोपं आहे. मोकळ्या जागेत चार हात पुढे जाऊन ब्रेक, चार हात मागे जाऊन ब्रेक, असं पाच-सहा वेळा करायचं. दर बदलाला एकच टक् आला आणि सरळ पुढे चालताना आलाच नाही, तर पॅडवर बोट ठेवायला हरकत नाही. आवाज हलका असेल तर तो त्या रचनेतच असू शकतो. जोराचा असेल, आणि विशेषतः पॅड बदलल्यानंतर सुरू झाला असेल, तर पॅडच्या कानांना दाबून धरणाऱ्या पोलादी क्लिपा तपासाव्यात. गंजल्या, वाकल्या म्हणून कुणी त्या काढून टाकतं आणि नव्या घालत नाही. वस्तू चिमुकली, पण तिचं कामच पॅडला खुळखुळू न देणं हे आहे. पॅडना डिस्कवर दाबणारा कॅलिपर ज्या दोन पिनांवर सरकतो त्यांचं ग्रीस सुकलं किंवा पिना झिजल्या, तरी ठोका येतो. फरक इतकाच की तो खड्ड्यांवर ब्रेक न लावताही खडखडतो आणि ब्रेकवर हलकेच पाय ठेवला की थांबतो.

यापुढचा संशयित अधिक गंभीर आहे.

चाकाला गाडीशी जोडणारा खालचा हात, ज्याला गॅरेजात सगळेच ‘लोअर आर्म’ म्हणतात, तो दोन रबरी बुशवर आणि टोकाच्या एका बॉल जॉइंटवर झुलतो. ब्रेक लागल्यावर चाक मागे रेटलं जातं तेव्हा तो जोर पेलणारे हेच. बुशातलं रबर चिरलं की लोखंडी नळी ओढली जाऊन कडेवर आपटते. अँबेसेडर आणि प्रीमियर पद्मिनीच्या काळात पुढच्या सांध्यांना ग्रीस मारत राहावं लागे, त्यामुळे ते सांधे वरचेवर मिस्त्रीच्या नजरेखालून जात. आताचे बुश आणि सीलबंद जॉइंट तशी देखभाल मागत नाहीत, म्हणून ते बिघडले हे कळवण्याचं काम आवाजावरच येतं.

त्यांच्यावर घाव घालतात ते रस्त्यावरचे उंचवटे. भारतीय रस्ते काँग्रेसच्या मानकात गतिरोधक 3.7 मीटर रुंद आणि 10 सेंटिमीटर उंच, गोलसर सांगितला आहे. ताशी 25 किलोमीटरने गाडी त्यावरून जावी, असा हिशोब. वस्त्यांमधले कितीतरी गतिरोधक यापेक्षा तोकडे आणि उभट असतात. चालवणारा शेवटच्या क्षणी ब्रेक दाबतो आणि दाबलेल्या ब्रेकनिशी चाक उंचवट्यावर चढतं. मागे रेटणारे दोन जोर एकाच वेळी त्याच बुशवर पडतात.

हा दोष लिफ्टवर का सापडत नाही, याचंही कारण आहे. दोन खांबांच्या लिफ्टवर गाडी उचलली की चाकं लोंबकळतात, स्प्रिंग सांध्यांना ताणून धरते आणि सैलपणा झाकला जातो. म्हणून उस्तादाला आग्रह करावा की चाकांवर भार असतानाच बघा: गाडी पिटवर किंवा चाकं टेकतात अशा रॅम्पवर हवी, एकाने ब्रेक धरून पहिला गिअर आणि रिव्हर्स आळीपाळीने टाकत क्लच किंचित सोडायचा, दुसऱ्याने बॅटरीच्या उजेडात बुशवर नजर ठेवायची. गाडीच्या समोर किंवा मागे कुणीही उभं राहायचं नाही. नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखाली तर डोकं घालायचंच नाही, कितीही घाई असली तरी.

असाच ठोका गाडी पूर्ण थांबताना शेवटच्या क्षणी आला, आणि पहिल्या गिअरमध्ये क्लच सोडतानाही आला, तर इंजिनाचं माउंटिंग बघावं. मेकॅनिकच्या बोलीत ‘फाउंडेशन’. वळण घेत ब्रेक मारल्यावरच येत असेल तर लिंक रॉड आणि शॉकअपच्या डोक्यावरचं माउंटिंग. तळपायाला जाणवला तर लोअर आर्मकडे, स्टिअरिंगच्या हाताला जाणवला तर टाय रॉड आणि रॅककडे, पेडलवर जाणवला तर ब्रेककडे. हे पक्के नियम नव्हेत, पण चौकशी कुठून सुरू करायची एवढं त्यातून कळतं.

पुढचा की मागचा हे ठरवायला हँडब्रेक कामाला येतो. आपल्याकडच्या बहुतेक छोट्या गाड्यांना पुढे डिस्क आणि मागे ड्रम असतात आणि हँडब्रेक फक्त मागच्या चाकांना धरतो. मोकळ्या मैदानात, चालत्या माणसाच्या वेगाने, सरळ रेषेत, बटण दाबून ठेवून हँडब्रेक हळूहळू ओढावा. खट् आला तर मागचे ड्रम उघडायला सांगावं. मोठ्या रस्त्यावर हा प्रयोग करू नये, आणि ज्या गाडीत हँडब्रेकच्या जागी विजेचं बटण आहे तिथे तर मुळीच नाही.

मागच्या ड्रमचा आवाज साधा समजून सोडू नये, याचं खरं उदाहरण 2022चं आहे. त्या वर्षी ऑक्टोबरअखेर मारुती सुझुकीने वॅगन आर, सेलेरियो आणि इग्निस या तीन मॉडेलच्या 9,925 गाड्या तपासणीसाठी परत बोलावल्या. त्या 3 ऑगस्ट ते 1 सप्टेंबर 2022 या काळात तयार झालेल्या होत्या. कंपनीने दिलेलं कारण असं: मागच्या ब्रेकच्या जोडणीतली एक पिन तुटण्याची शक्यता आहे, तशी ती तुटली तर विचित्र आवाज येऊ शकतो आणि पुढे जाऊन ब्रेकच्या कामावर परिणाम होऊ शकतो. एक पिन, आणि तिची पहिली खूण म्हणजे आवाज! अशा परतबोलावणीची कायदेशीर तरतूद मोटार वाहन कायद्यात 2019च्या दुरुस्तीने आली. नव्या गाडीत असा आवाज आला, तर गॅरेजच्याही आधी चॅसिस नंबर घेऊन कंपनीकडे विचारणा करावी. परतबोलावणीतली दुरुस्ती फुकट होते.

एबीएसचा, म्हणजे जोरात ब्रेक मारल्यावर चाक अडकू न देणाऱ्या यंत्रणेचा, गोंधळही इथेच मिटवू. एप्रिल 2019पासून भारतात विकल्या जाणाऱ्या सगळ्या नव्या मोटारींना एबीएस बंधनकारक आहे. पावसाळी रस्त्यावर जोरात ब्रेक मारल्यावर पेडल पायाखाली थरथरतं आणि कडकड आवाज येतो. ते यंत्रणेचं काम चालू असल्याचं लक्षण, पाय काढायचा नाही. पण कोरड्या रस्त्यावर, अगदी हळू थांबताना, शेवटच्या एक-दोन मीटरला तीच थरथर होत असेल, तर चाकाचा वेग मोजणारा सेन्सर मळला आहे किंवा त्याच्या समोरची दातेरी कडी तडकली आहे. चाक अडकलं, असा यंत्रणेचा गैरसमज होतो.

आणि हे डिकीच्याही आधी तपासायचं, म्हणून मुद्दाम वेगळं सांगायला हवं: पंक्चर काढल्यावर, टायर बदलल्यावर किंवा ब्रेकचं काम झाल्यावर लगेच आवाज सुरू झाला, तर पुढे जाऊ नये. रस्त्याच्या कडेला थांबून चाकांचे नट पान्याने आवळावेत. कॅलिपरचे बोल्ट सैल राहिले असतील तर दर ब्रेकला ठोका येतो, आणि ते निसटले तर तो ब्रेक हातचा जातो. पेडल नेहमीपेक्षा खाली जाऊ लागलं, गाडी एका बाजूला ओढू लागली, किंवा अधूनमधून येणारा खट् दर वेळी येऊ लागला, तर गाडी चालवत गॅरेजला नेऊ नये; टो करून न्यावी. सुट्टीत जहीराबाद, हुमनाबाद, उमरगा करत सोलापूरला निघणाऱ्यांनी तर हा आवाज घेऊन महामार्गाला लागूच नये. ताशी 80च्या वेगात साठलेली ऊर्जा ताशी 40च्या चौपट असते, आणि ती सगळी याच सांध्यांना पेलायची असते.

उस्तादाकडे जाताना एक कागद न्यावा. त्यावर आठवडाभराच्या नोंदी: सकाळी की दुपारी, रिव्हर्सनंतर की नाही, किती वेगात, वळणावर की सरळ, एक ठोका की अनेक, गाडीत किती माणसं. “कभी आता”चा अर्थ त्या कागदावर दिसू लागतो. काम झाल्यावर गाडी लगेच ताब्यात घेण्याऐवजी, जिथे आवाज यायचा तशाच रस्त्यावर उस्तादाला शेजारी बसवून फेरी मारावी. लोअर आर्म बदलला असेल तर अलाइनमेंट करून घ्यावी, आणि जुना बुश बघायला मागून घ्यावा. मग दुसऱ्या दिवशी सकाळी सेलरमधून गाडी मागे काढायची, काचा खाली, रेडिओ बंद, आणि फाटकाशी पहिला ब्रेक दाबायचा.

पुढील लेखांक : स्टिअरिंग एका बाजूला का ओढतं?